कात्रीला पाणी

ये गं, अशी जवळ ये. दारात उभं राहून बोलायची ही कुठली पद्धत? चपला तिकडं काढ, पाठीवरचं ते दप्तर खाली टाक आणि माझ्या गुडघ्याला गुडघा लावून बस. किती वाळलीस! खातेस का नुसती कामच करतेस? आणि तो फोन पालथा ठेव जरा. मावशी काय रोज बोलायला सापडते का?

हे सगळं मी तुला म्हणणार होते. मनात किती वेळा म्हणून झालं. पण तू येशील तेव्हा ना! गंगापूर रोडवरून आमच्या मळ्यापर्यंत यायला एक बस आणि पुढं एक रिक्षा, एवढाच काय तो प्रवास. तू वागतेस मात्र समुद्रापलीकडं राहिल्यासारखी. म्हणून आता कागदावरच तुला जवळ बसवते. शाळेत मी गेले नाही, हे तुला ठाऊकच आहे. द्राक्षाच्या पेट्यांत घालायला रद्दी यायची, तिच्यावरची अक्षरं जुळवत जुळवत शिकले. त्यामुळं माझं वाक्य पेपरासारखं सुरू होतं आणि चुलीपाशी येऊन संपतं. चालवून घे.

तू नव्या कात्रीचा फोटो पाठवलास, तो मिळाला. मी आक्काला दाखवला. आक्का म्हणजे माझी थोरली जाऊ. तुला हे सांगायला नको, पण लिहिलेलं उद्या कुणाच्याही हाती पडतं. तिनं फोन लांब धरला, मग नाकाशी धरला. फोटोत एक गोरीपान बाई, नखांना रंग, ती कात्री छातीपाशी धरून हसतेय. आक्का बघत राहिली आणि म्हणाली, "हिच्या मळ्यात द्राक्षं काय कमरेला लागत्यात?"

मी हसले. ती नाही हसली.

"खाली काय लिवलंय?" तिनं विचारलं. लाल अक्षरांत एक ओळ छापली होती. मी तिला अर्धीच ओळ वाचून दाखवली. उरलेल्या अर्ध्या ओळीसाठीच हे लिहायला बसले आहे, तर आता पहिल्यापासून ऐक.

माझं माहेर घोटीकडचं, भाताचं. तिकडं बाई जन्मभर वाकलेली. चिखलात पाय, पाण्यात हात, पाठीवर पाऊस. लग्न होऊन इकडं आले तेव्हा मला वाटलं, सुटले बाई, आता कंबर सरळ होणार. झाली की सरळ! इकडं मांडव डोक्याच्या वर आणि घड वरून लोंबलेले. माहेरी खाली बघून काम केलं, सासरी वर बघून. समोर बघायचं काम काही कुणी दिलं नाही.

आमच्याकडं घड देवानं दिला तसा विकत नाहीत. मणी दाटीनं लागतात. तसेच वाढू दिले तर एकमेकांना चेंगरतात, आतले सडतात. म्हणून मणी ज्वारीएवढे असतानाच निम्म्याहून जास्त कापून टाकायचे, म्हणजे राहिलेले टपोरे होतात. पुस्तकात ह्याला विरळणी म्हणतात, आमच्या तोंडी थिनिंग. डाव्या हातानं घड फिरवायचा, उजव्या हातानं कात्रीचं टोक आत घालायचं, शेजारच्या मण्याला ओरखडा न लावता नको तो मणी टिपायचा. दोन्ही हात खांद्याच्या वर, मान मागं टाकलेली, डोळ्यांत कचरा. सकाळपासून ऊन कलेपर्यंत. तू एकदा भिंतीवरच्या खिळ्याला दोन्ही हात लावून उभी राहा आणि कुकरमधली डाळ शिजेपर्यंत तशीच राहा. मग तुला माझं पुढचं कळेल.

आमची जुनी कात्री म्हणजे शिंप्याच्या दोरा कापायच्या कात्रीची धाकटी बहीण. लोखंडाच्या दोन कड्या, एकीत अंगठा, दुसरीत बोटं. मणी कापला की हिरवा रस निघतो. तो पात्यांच्या मधे बसतो आणि डिंकासारखा वाळतो. मग कात्री मिटते, पण उघडत नाही. कापायला जोर लागत नाही गं, उघडायला लागतो, आणि तो सगळा अंगठ्याच्या मुळाशी. फारच अडली की बांधावर पाण्याचं पिंप असायचं, तिथं जायचं, कात्री बुडवायची, चिमूटभर मातीनं पाती चोळायची, धुवायची आणि परत यायचं. "कात्रीला पाणी दाखवून येते," असं म्हणायची आमची रीत होती. एक आली की दुसरी जायची. ही रीत ध्यानात ठेव.

सगळ्यांत आधी आक्काचा अंगठा गेला. हात तिचा सगळ्यांत चालता, म्हणून सगळ्यांत आधी तिचाच. अंगठ्याच्या बुडाशी लिंबाएवढी सूज. भाकरी थापताना अंगठा लांब धरायची आणि चार बोटांनीच थापायची. भाकरीला एका कडेनं दात पडायचे. मी ह्या घरात आले तेव्हा मला ज्वारीची भाकरी येत नव्हती, आम्ही भात खाणारी माणसं. सासू तव्याजवळ येईपर्यंत आक्का स्वतःची भाकरी माझ्या टोपल्यात सरकवायची आणि माझी फाटकी आपल्याकडं घ्यायची. "माझी फाटली आज, सासूबाई," असं तोंड वर करून सांगायची. तिच्याच भाकरीला आता दात पडलेले मला बघवेनात.

मी घरात हातोडी, पक्कड काय काय धुंडाळलं. आमचे हे सुतारकाम करायचे, त्यांच्या पेटीत मोजायची पत्र्याची पट्टी होती, तुटकी. ती पट्टी वाकवून सोडली की परत ताठ होते, हे मी पोरांना खेळताना पाहिलं होतं. मला वाटलं, अंगठ्याचं उघडायचं काम हिलाच द्यावं. कात्रीच्या दोन मुठींच्या मधे तिचा वाकवलेला तुकडा बसवला. पहिला तुकडा उडाला तो थेट दुधाच्या पातेल्यात. दुसऱ्यानं माझं बोट कापलं. हे म्हणाले, "बाजारात कात्र्या संपल्या का?" मी म्हटलं, "अंगठे संपले."

मग बाजाराच्या दिवशी लोहाराकडं गेले. त्याला सांगितलं, कड्या कापून टाक.

तो म्हणाला, "मावशे, कड्या कापल्यावर बोटं कुठं घालशील?"

"कशाला घालू? मुठीत धरीन. तू पक्कड धरतोस तशी."

"मग पक्कडच घे की! माझ्या डोक्याला कशाला ताप?"

"पकडीनं द्राक्ष कापून दाखव, मग पक्कड घेते."

बडबडत बडबडत त्यानं केलं. पात्याचं टोक मी त्याला थोडं वर वाकवायला लावलं, म्हणजे मनगट मोडून धरावं लागू नये. मुठींना सायकलची ट्यूब गुंडाळली, मधे जुन्या लुगड्याची चिंधी भरली. दिसायला असं ध्यान झालं की शेजारीण म्हणाली, "बाई गं, हे चिमटं आहे का बेडूक?" पण मूठ सैल केली की कात्री आपोआप उघडायची. रस चिकटला तरी पट्टीचा जोर त्याला उचकटून काढायचा. अंगठ्याला नुसतं बसून राहायचं काम.

आक्कानं ती दिवसभर चालवली. दिवस मावळताना माझ्यासमोर आली, अंगठा वर केला, खाली केला, गोल फिरवला आणि म्हणाली, "बघ, अजून माझाच हाय." माझ्या आयुष्यात कुणी मला इतकं मोठं काही म्हटलं नाही. त्या रात्री तिनं भाकरी थापली ती चंद्रासारखी गोल.

मग काय, आम्ही मजुरीला जायचो त्या टोळीतल्या सगळ्या बायका माझ्या ओट्यावर. लोहाराचा ताप वाढला, सायकलवाल्याच्या जुन्या ट्यूबा संपल्या. मळ्याच्या मालकाला कळलं. तो मांडवाखाली आला, कात्री हातात घेऊन हवेत कचकच चालवून बघितली. "मावशी, डोकं हाय तुला!" म्हणाला. अंबडला त्याच्या ओळखीच्या एका कारखान्यात त्यानं तशाच कात्र्या करून आणल्या, लाल प्लास्टिकच्या मुठीच्या, चकचकीत. सगळ्यांना वाटल्या. मला वर एक साडी दिली. मी ती नेसून सगळ्या आळीतून फिरले. तुला पण दाखवली असेन, डाळिंबी रंगाची. खंडेनवमीला, हत्यारांची पूजा मांडतात ना आपल्यात, तेव्हा मालकानं फवारणीचं मशीन, छाटणीची कात्री, ट्रॅक्टरच्या पान्यांच्या मधोमध "मावशीची कात्री" ठेवली. तिला हळदकुंकू, तिला झेंडूचं फूल. त्या दिवशी हत्याराला हात लावायचा नसतो, हत्याराला सुट्टी. हाताला कुठली? आम्ही बायका आत पुरण वाटत होतो.

तर त्याच हंगामात, थिनिंगला उभ्या राहिलो आणि काहीतरी वेगळं वाटायला लागलं. काय, ते सांगता येईना. अंगठा दुखत नव्हता. हात भराभर चालत होता. पूर्वी जिथं दुपारची भाकरी सोडायचो, तिथं आता न्याहारीच्या वेळेलाच पोचायला लागलो. मुकादमीण, म्हणजे आमच्या टोळीवर देखरेख करणारी बाई, ती आधी खूश झाली, मग तिला त्याची सवय झाली, मग तो आमचा नेम झाला. कुणी मागं राहिली की म्हणायची, "का गं, झोप येती का? मावशीची कात्री दिलीय ना तुला?" माझ्यादेखत म्हणायची. माझं नाव लावून दुसरीला टोचायचं!

एक दिवस आक्का म्हणाली, "मी जरा कात्रीला पाणी दाखवून येते."

मुकादमीण म्हणाली, "बघू." आक्काच्या हातातली कात्री घेतली, कचकच केली. "चांगली उघडती की. पाणी कशाला?"

आक्कानं कात्री हातात घेतली. हात परत वर केले.

त्याच आठवड्यात मालक म्हणाला, कात्र्या आता अडत नाहीत तर बांधावरचं पिंप उगीच गाडीच्या वाटेत येतंय. पिंप उचललं आणि पार पंपाच्या खोलीशी नेऊन ठेवलं. प्यायला पाणी बाटलीत आणायचं. आम्ही बाटल्या आणल्या. वेलाच्या तारेला अडकवल्या, एका हातानं प्यायलो, दुसरा वरच.

मला तेव्हा कळलं नाही. कुणालाच कळलं नाही. कळणार कसं? आम्ही कधी बसतो असं आम्ही स्वतःसुद्धा म्हणत नव्हतो. मळ्यात बसायला कुणी देत नव्हतं. बाईला तहान लागली तर "आत्ताच प्यालीस ना" म्हणायचे. कात्रीला तहान लागली तर कुणी काही म्हणायचं नाही, कारण अडलेली कात्री मण्याला ओरखडा पाडते आणि ओरखड्याचा मणी परदेशात जात नाही. त्या ओरखड्याच्या भीतीवर आम्ही टेकत होतो गं. पिंपाजवळ बाभळीची सावली होती. हात खाली यायचे, कोपरापर्यंत पाण्यात जायचे, मान सरळ व्हायची. कुणाच्या पोराला दात आला, कुणाची सून रुसून माहेरी गेली, सगळं तिथंच कळायचं. कात्री धुवायला लागतो त्याहून थोडा जास्त वेळ जायचा. थोडाच.

नव्या कात्रीचा पहिला हंगाम गेला, दुसराही गेला. त्याच्या पुढच्या थंडीत एका सकाळी आक्का माझ्या दारात आली. केस मोकळे, हातात कंगवा. मी घाबरले. आक्काच्या केसांना कुणी हात लावलेला मी पाहिला नव्हता. बाळंतपणात सुद्धा खाटेवर उठून तिनं आपला अंबाडा आपण बांधलेला. "धाकटे," ती म्हणाली, "एवढा अंबाडा बांध गं. हात वर जाईना."

अंगठा ठणठणीत होता, सांगते. कंगवा तिनं त्याच अंगठ्यात घट्ट धरला होता.

नाशिकला डॉक्टरकडं नेलं. तो म्हणाला, खांदा आखडलाय. आराम करा. आणि व्यायाम सांगितला, भिंतीसमोर उभं राहायचं, बोटं भिंतीवर टेकवायची आणि मुंग्यांसारखी हळूहळू वर चढवायची. आक्का म्हणाली, "हात वर करून उभं राहायचं? जन्मभर त्येच केलं की, साहेब." डॉक्टर हसला. त्याला वाटलं म्हातारी विनोदी आहे.

मालकानं तिला बोलावून सांगितलं, "आक्का, तुम्ही आता घरी आराम करा." आराम हा शब्द त्या मळ्यात मी पहिल्यांदा ऐकला. तिच्या जागी तिची सून उभी राहिली. तीच ओळ, तीच लाल मुठीची कात्री.

आणि मग तू आलीस. गेल्या दिवाळीनंतर. हातांना आराम मिळेल अशी हत्यारं करायचं तू शिकतेस, त्यातच काम करतेस, हे ऐकून मला किती बरं वाटलं होतं! सगळ्या आळीला सांगितलं, माझ्या भाचीला माझं वेड लागलंय. तू पांढऱ्या प्लास्टिकच्या निरनिराळ्या मुठी आणल्या होत्यास. जाड, बारीक, मधे खळगा असलेल्या. बायकांच्या हाताला शाई लावून कागदावर पंजे उमटवलेस. आमच्या अंगणात जणू दहा सुना एकदम उंबरा ओलांडून आल्या, असे पंजे! तू फार जीव लावून काम करतेस, ते मी बघत होते. मी केलेली जुनी बेडूक-कात्री तू हातात घेतलीस, उलटीपालटी केलीस आणि म्हणालीस, "मावशी, हे फार छान सुचलंय गं. पण हे अंगठ्याचं झालं. खांद्याचं काय?"

आजवर हा प्रश्न मला कुणी विचारला नव्हता. मालकानं नाही, डॉक्टरानं नाही, मी मला नाही.

मग तू आक्काजवळ बसलीस आणि विचारलंस, "आक्का, काम करताना तुमचा हात खाली कधी यायचा?"

मी चहा घेऊन दारात उभी होते. "कात्रीला पाणी दाखवताना," आक्का म्हणाली.

"आणि नवीन कात्री आल्यावर?"

"तिला तहानच लागत नाय."

कपातला चहा माझ्या हातावर सांडला. तू उठून आलीस, माझ्या हातातून कप घेतलास आणि हळूच म्हणालीस, "मावशी, तुझी चूक नाही ह्यात." मी कुठं म्हणाले चूक आहे? तेव्हाही म्हणाले नाही, आताही म्हणणार नाही. मी अंगठा वाचवायला निघाले होते, तो वाचला. वाचलेला अंगठा कुणी वापरला, ते विचार. बाईच्या हातातून थोडं दुखणं कमी केलं की त्या मोकळ्या जागेत लगेच काम भरायचं, ही अक्कल माझी नव्हती. मी केलेली कात्री चांगली होती. ती चांगली होती, हेच त्यांच्या कामाला आलं.

आक्का तुला काय म्हणाली, आठवतं? म्हणाली, "पोरी, तू शिकलेली हायेस. अशी एक कात्री कर, जी मधनं मधनं अडंल."

तू हसलीस. "अडणारी कात्री कोण घेईल, आक्का?"

"घेणारा नाय घेणार," ती म्हणाली. "तेवढं मलाबी कळतंय."

तुझं हसू थांबलं. जाताना म्हणालीस, "बघते काहीतरी. नक्की बघते." आक्का त्यानंतर अधूनमधून विचारायची, "आली का तुझी भाची?" मी म्हणायची, कामात असेल.

आली ती तू नाही, तू पाठवलेला तो फोटो आला. त्याच्याखाली लाल अक्षरांत छापलेलं: दिवसभर न थकता, न थांबता. मी आक्काला "न थकता" एवढंच वाचलं. पुढचं माझ्या तोंडातून निघेना.

तुला फोन केला तेव्हा तू म्हणालीस, "मावशी, ते मी नाही लिहिलं, कंपनीनं छापलं." मग म्हणालीस, "पहिल्या नमुन्यात होतं गं. थोड्या वेळानं आपोआप मिटून राहायची, पाण्यात बुडवली की सुटायची. मी केलं होतं. त्यांनी काढायला लावलं." मी तुला रागावणार होते, ते तिथंच राहिलं. तू ते केलं होतंस, हे ऐकून मला बरं वाटलं आणि जास्तच वाईटही वाटलं. म्हणजे त्यांना कळलं होतं. आमच्या मालकाला तरी पिंप नुसतं वाटेत आलं होतं. ह्यांनी मात्र हातात घेऊन, बघून, समजून काढलं.

त्या रागानं तू यायची बंद झालीस ना? का लाजेनं? दोन्हीचं इथं काही काम नाही. आक्का तुझ्यावर रुसलेली नाही. तिचं आपलं वेगळंच चाललंय, ते सांगते आणि थांबते.

गेल्या हंगामात आक्काची सून एका संध्याकाळी घरी आली आणि उजवा खांदा दाबत बसली. आक्कानं पाहिलं. उठली, डब्यातून गुळाचा खडा काढला, सुनेची लाल मुठीची कात्री घेतली आणि पात्यांच्या सांध्यात, जिथं पट्टी बसते तिथं, गूळ चोळला. चांगला दाबून. सकाळी कात्री अशी बसली की उघडता उघडेना. सून म्हणाली, "अहो आत्याबाई, हे काय केलं!"

आक्का म्हणाली, "जा, मुकादमिणीला दाखव. म्हणावं, कात्रीला पाणी दाखवायला पायजे."

मुकादमिणीनं कचकच करून बघितली. होईना. सोडलं तिला. आणि पिंप आता कुठं, तर पंपाच्या खोलीशी, पार त्या टोकाला! "लांब नेलं ते बरंच केलं," आक्का म्हणते, "जायला यायला येळ लागतो." हळूहळू सगळ्या टोळीच्या पदराला गुळाचा खडा आला. मुकादमिणीला संशय आहे, पण कशाचा ते तिला कळत नाही. एकदा म्हणाली, "ह्या कात्र्यांना मुंग्या कशा लागतात गं?" सून म्हणाली, "द्राक्षं गोड हायेत ना आपली." मणी तेव्हा ज्वारीएवढे, आंबटढाण!

आम्ही घरी हसलो. पोट धरून हसलो. मग मला एकदम रडूच आलं. जी कात्री अडू नये म्हणून मी बोटं कापून घेतली, तिलाच माझी जाऊ गुळानं अडवत बसली होती, आणि ती करत होती तेच बरोबर होतं. उतारवयात हे बघायचं राहिलं होतं. माझी डाळिंबी साडी मी त्या दिवशी काढून तिची उशीची खोळ शिवली.

आता छाटणी जवळ आली. मालक तुझ्या कात्र्या घेणार आहे, असं ऐकते. तुझीच ती, पांढऱ्या मुठीची. परवा मी आक्काचा अंबाडा बांधत होते, तर ती म्हणाली, "फोटोत सांधा काही दिसत नाय. झाकलेला दिसतोय. गूळ कुठनं घालायचा?"

मी म्हटलं, "मला काय माहीत?"

"तुझ्या भाचीला माहीत आसंल. तिनंच केलीय ना. तिला म्हणावं, एक कात्री घिऊन ये. दोघी मिळून बघू, कुठं अडती ते."

तर हे तिचं बोलावणं आहे, माझं नाही. माझं ऐकून तू येत नाहीस, तिचं तरी ऐक. थिनिंग सुरू व्हायच्या आत ये. सून उभी राहायच्या आत. एक कात्री आण, आणि जमलं तर तो पहिला नमुनाही आण, पाण्यात बुडवली की सुटणारा. आक्काला तो हातात धरून बघायचाय. तिचा हात वर जात नाही, पण मूठ अजून मिटते. आलीस की एका सकाळी तिचा अंबाडा तू बांध, माझे हात आता मानेपर्यंतच पोचतात. आणि ती उरलेली अर्धी ओळ तिला तूच वाचून दाखव. ती काय म्हणेल ते आपण दोघी ऐकू.

लवकर ये गं. येताना गूळ आणू नकोस, घरात आहे.